हललेली चौकट

"काका, काकू हसायच्या तेव्हा ओठांची कुठली बाजू आधी वर जायची? उजवी की डावी?"

फिजिओथेरपिस्ट मुलीने हे विचारले तेव्हा ती माझ्याकडे पाहतही नव्हती. पत्नीच्या उजव्या गालावर तिने दोन बोटे टेकवली होती आणि त्या बोटांखाली काही हालते आहे का, याकडे तिचे सारे लक्ष लागले होते. प्रश्न साधा होता. कोणत्याही नवऱ्याला विचारावा असा. मी उत्तरासाठी तोंड उघडले ते उत्तर असणारच अशा खात्रीने. दारासमोर उभे राहून खिशात हात घालताना किल्लीची असते तशी. किल्ली नव्हती. दुसरा खिसा चाचपावा तसे मी मनातले एकेक वर्ष चाचपून पाहिले. लग्नाला सदतीस वर्षे झाली. माझ्याजवळच्या पस्तीस मिलिमीटरच्या भिंगाचा डावीकडचा वरचा कोपरा किंचित मऊ, म्हणजे पुसट चित्र देणारा आहे, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी मी सांगेन. आणि समोर खुर्चीत बसलेल्या माणसाचे हसू कुठून सुरू होते ते मला ठाऊक नव्हते. तंत्रनिकेतनात आम्हाला कार्यशाळा शिकवणारे मास्तर म्हणत, ‘आठवणीवर बोलू नका, मोजून सांगा.’ या वाक्याने मला आयुष्यात अनेकदा वाचवले आहे. त्या सोमवारीही मी त्याच्याच आडोशाला गेलो. म्हणालो, "अंदाजाने कशाला सांगू? फोटो आणतो ना." "हसतानाचे हवेत हं काका. ओठ मिटलेले नकोत." "एकसष्ट हजार फोटो आहेत माझ्याकडे." मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. पत्नीने ओठाचा उजवा कोपरा बोटाने उचलून धरला, कारण ओठ मिटावे लागणारी अक्षरे हल्ली तिला त्याशिवाय फुटत नाहीत, आणि म्हणाली, "बाई गं, जपून बोल. हे खरंच सगळे घेऊन येतील."

दीड महिन्यापूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या तोंडात राहीना. "अहो, गळतंय," एवढेच ती बेसिनजवळून ओरडली. मी पाना घेऊन गेलो. ती माझ्या हातातल्या पान्याकडे पाहून हसायला लागली आणि चेहऱ्याचा अर्धाच भाग हसला. दुसरा अर्धा, शेजारच्या घरातल्या माणसाने भिंतीपलीकडचे भांडण ऐकू येत नसल्यासारखे करावे, तसा स्वस्थ राहिला. पक्षाघात नव्हे, चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा घाईने सोडला, असे आता वाटते. सूज उतरली, पण उजवी बाजू उठली नाही. उजवा डोळा मिटत नाही. दर दोन तासांनी मी त्यात थेंब घालतो, आणि हे काम मी चोख करतो. पण तिने रोज बहिणीला करायचा फोन थांबवला. खाली उतरणे थांबवले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, काही गमतीचे कानावर पडले की तिचा हात आधी तोंडावर जातो. हसू येण्यापूर्वीच ती त्याला उंबऱ्यावर अडवते. आता तंतू जागा होऊ लागला आहे, असे त्या मुलीचे म्हणणे. "पण जागा होताना तो गोंधळतो, काका. या दोन महिन्यांत जे वळण लागेल ते कायमचं. चुकीचं लागलं तर हसताना डोळा मिटायला लागतो, मग तो सुटत नाही. म्हणून काकूंचं जुनं हसू मला समोर हवं. गुरुवारी आणा." म्हणजे काम नेमके होते, मुदत ठरलेली होती, आणि साहित्य माझ्याच घरी होते.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, आजारी बाजू काचेकडे करून. हल्ली ती जागा अशीच निवडते. मी हळूच विचारले, "कुठली बाजू गं?" "मला काय ठाऊक? मी कुठे माझ्यासमोर उभी होते?" "आरशात?" "आरशात बघून हसणाऱ्या बायका वेगळ्या. मी आरशात भांग बघते." मग बाहेर पाहतच ती म्हणाली, "समोर तुम्ही होतात की." टोमणा असता तर मी परतवला असता, आमच्या घरात त्याची दोन्ही बाजूंना सवय आहे. पण तो टोमणा नव्हता, नुसती माहिती होती. मी डोळे मिटले आणि तिचे हसू आठवू लागलो. आठवले, अगदी स्पष्ट आठवले. पण कानाला. आम्ही एकाच कारखान्यात होतो, मी तपासणी विभागात आणि ती टेलिफोनच्या खोलीत. तिला पाहण्याआधी आठ महिने मी तिला ऐकत होतो. ओतशाळेला, म्हणजे फाउंड्रीला, जोडून द्या म्हटले की ती म्हणे, "ओतशाळा जेवायला गेली. तपासणी खात्याला भूक लागत नाही का?" आणि मग हसे. आधी एक बारीक श्वास, मग उतरत्या तीन पायऱ्या, आणि शेवटी पुन्हा वर चढणारी एक. त्या हसण्याचा आलेख मी आजही कागदावर काढून देईन. जे कानाने इतके पाठ झाले ते डोळ्याने पाहायचे राहून गेले असावे. किंवा हेही मी स्वतःच्या सोयीचेच सांगत असेन.

माझी खोली म्हणजे घरातली सर्वांत लहान खोली. उत्तरेला खिडकी, रंग दर महिन्याला मापकाने तपासलेला संगणकाचा पडदा, भिंगांसाठी हवाबंद डबा आणि त्यात आर्द्रतेचा काटा. तो काटा पंचेचाळीसच्या वर गेला तर मला जेवण गोड लागत नाही. निवृत्तीनंतर माणसे देवाला लागतात, शेअरबाजाराला लागतात. मी या खोलीला लागलो. रोज सकाळी दीड तास बाहेर, समोरच्या नव्या इमारतीच्या उंच यारीचे, म्हणजे क्रेनचे, एकाच जागेवरून एकाच वेळी एक छायाचित्र. गेली तीन वर्षे, एकही दिवस न चुकता. दुपारी भिंगांच्या चाचण्या. भिंतीवर बारीक रेघांचा तक्ता लावायचा, कॅमेरा तिपाईवर समपातळीत बसवायचा आणि एकेका छिद्रमापाला, म्हणजे अ‍ॅपर्चरला, नोंद करायची. पत्नी यावर पाहुण्यांना सांगे, "कागद भिंतीला चिकटवतात, मग कागदाचा फोटो काढतात, आणि मी मध्ये आले की म्हणतात, जरा बाजूला हो, कागद दिसत नाही." पाहुणे हसत. ती हसे. कुठली बाजू आधी? मी त्या वेळी बहुधा चहाचे कप सरळ रेषेत लावत होतो.

आणि याच खोलीत मुकादम राहत असे. मुकादम हे पत्नीने ठेवलेले नाव. चार वर्षांपूर्वी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, मी संगणकाची भाषा शिकून एक प्रोग्राम लिहिला. चाळीस वर्षांची छायाचित्रे, जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून घातलेली धरून, त्र्याऐंशी हजारांवर गेली होती. मुकादम प्रत्येक छायाचित्रातल्या कडा तपासून रेखीवपणाचा एक आकडा काढी. आकडा शंभराच्या वर असला तर पास. खाली असला तर चित्र ‘नापास’ या कप्प्यात जाई आणि नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जाई. कारखान्यात तीस वर्षे मी हेच केले होते: मापात बसला तो माल पुढे, न बसला तो भट्टीत. पहिली दोनशे नापास चित्रे मी स्वतः डोळ्याखालून घातली होती. इमारती, झाडे, रस्ते, माझेच थरथरलेले हात. निर्णयात एकही चूक नव्हती. त्यानंतर मी पाहणे सोडले; ज्या मापाने दोनशे वेळा खरे सांगितले त्यावर अविश्वास दाखवणे हा मापाचा अपमान, असे आमचे शिक्षण. "मुकादमाने आज किती जणांना काढलं?" असे ती जेवताना विचारी. मी आकडा सांगे. "बिचारे," ती म्हणे आणि वाढू लागे.

सोमवारी दुपारी मी संगणकाला तिच्या चेहऱ्यावरून शोध घ्यायला लावले. चार हजार दोनशे बारा छायाचित्रे आली. मी एकेक उघडू लागलो आणि पहिल्या तासाभरात मला वाटले, नुकती सुरुवात आहे. दुसऱ्या तासात वाटले, आजचा क्रम बरोबर नाही. मंगळवारी दुपारपर्यंत वाटण्यासारखे काही उरले नाही. डोंगराच्या कठड्याशी ती. समुद्राकडे पाठ करून ती. आमच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला केकमागे ती. प्रत्येक केस वेगळा मोजता येईल इतकी रेखीव. ओठ मिटलेले, डोळे समोर, हनुवटी मी सांगितली असेल तितकी खाली. चार हजार दोनशे बारा वेळा ती शहाण्या मुलासारखी श्वास धरून उभी होती आणि एकदाही हसत नव्हती. कोणा अनोळख्याने हा संग्रह पाहिला असता तर तो म्हणाला असता, या घरात हसायची चाल नसावी.

पद्धत माझीच होती. कोणतेही छायाचित्र मी तीनदा घेतो. "हलू नकोस," मी म्हणायचो. एक, दोन. या दोन्हींत ती स्थिर. दुसऱ्या खटक्यानंतर तिला वाटे की संपले. "झाला?" ती विचारी. "झाला," मी म्हणे, आणि बोट मात्र सवयीने तिसऱ्यांदा दाबले जाई. तोवर धरलेला श्वास सुटून ती हसू लागलेली असे. तिसऱ्या खटक्याला तिचे डोके हले, खांदे हलत. मी मान खाली घातलेली असे. आधीच्या काळात फिल्म पुढे सरकवण्यासाठी, नंतरच्या काळात कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर पहिली दोन नीट आली का ते पाहण्यासाठी. तिचे हसू दरवेळी टिपले गेले होते. सदतीस वर्षे, तिसऱ्या क्रमांकावर. आणि हललेला चेहरा म्हणजे पुसट कडा, पुसट कडा म्हणजे शंभराच्या खालचा आकडा. मुकादमाची यात काही चूक नव्हती. त्याला हसणारा माणूस आणि थरथरलेला हात यांतला फरक मी शिकवलाच नव्हता, कारण तो मलाच कुणी शिकवला नव्हता. कप्पा उघडला. रिकामा. मग राखीव प्रतीची तबकडी, हार्ड डिस्क, काढली. माझ्याकडे सगळ्याच्या तीन प्रती असतात: एक संगणकात, एक कपाटात, एक घराला आग लागली तर असावी म्हणून मेव्हण्याकडे. या तिन्ही प्रती दर रविवारी एकसारख्या केल्या जातात, तेही मीच ठरवलेल्या शिस्तीने. पहिलीतून जे पुसले ते दुसरीतून पुसले, दुसरीतून पुसले ते तिसरीतून. आगीलाही इतके नेटके जमले नसते.

मी छायाचित्र मंडळातल्या दंतवैद्याला फोन केला. आम्ही वीस वर्षे एकत्र सहलींना जातो. "वहिनींचा हसतानाचा?" तो म्हणाला, "अरे, तू असताना आम्ही कशाला काढू? मेल्या, तू आधी प्रकाश मोजायचास, तोवर आमची इच्छा मरायची." "तरी बघ ना एखादा." "माझ्याकडे त्यांच्या डाव्या दाढेचा एक्स-रे आहे. चालेल?" मी हसलो नाही तेव्हा त्याचा आवाज बदलला. "काय झालं रे?" मी सांगितले. तो म्हणाला, "हसायच्या खूप. एवढं आठवतं. बाजू नाही आठवत." आमची मुलगी परगावी असते. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे आईचे जे आहेत ते तुम्हीच पाठवलेत. निवडून." शेवटचा शब्द तिने मुद्दाम म्हटला नसावा. "व्हिडिओ?" "तुम्हीच म्हणायचात ना, व्हिडिओ म्हणजे निर्णय न घेता आल्याची कबुली." मी असे म्हणालो होतो. एका व्याख्यानात. टाळ्या पडल्या होत्या.

बुधवारी सकाळी मी पत्नीचा फोन मागितला. "माझ्यात काय असणार? कुंड्या," ती म्हणाली आणि फोन देऊन डोळ्यात थेंब घालून घ्यायला मान मागे टाकून बसली. खरेच कुंड्या होत्या. जास्वंदीला आलेली कीड, दुधाची पिशवी, विजेच्या मीटरचा आकडा. आणि मध्येच, कुंड्यांच्या रांगेत, एका माणसाचे टक्कल. मी बोटाने मोठे केले. ते माझे होते. उन्हात चमकणारे, कॅमेऱ्यावर वाकलेले. पुढे आणखी एक. समुद्र, त्यापुढे मी, मान खाली. उद्यानाचे फाटक, मान खाली. अकरा छायाचित्रे होती, निरनिराळ्या वर्षांची, आणि अकराही वाकडी, क्षितिज कलंडलेले, कारण ती हसता हसता काढली असावीत. "हे कशाला काढलेस?" "कुठले?" तिने तसेच वर पाहत विचारले. "माझ्या डोक्याचे." "ते होय." थेंब पापणीतून ओघळून कानाकडे गेला. "तुम्ही मला उभं करता, मग मी एकटीच उभी असते समोर. तुम्ही त्या डब्यात बघत बसता. म्हटलं, आपल्याला समोर काय दिसतं तेही असू दे कुठेतरी." मी त्या अकरा टकलांकडे पाहत राहिलो. माझ्या चार हजार दोनशे बारांत जे नव्हते, त्याच्या बरोबर समोरची बाजू इथे होती. तिच्या हसण्याला जे दिसत होते ते हे. हे अकरा मुकादमाच्या हाती लागले असते तर त्यातला एकही पास झाला नसता.

त्या दुपारी मी खोलीत बसून होतो, काही न करता. माझ्याच्याने असे सहसा होत नाही. समोर कपाटाच्या वरच्या फळीवर निगेटिव्हच्या फाइली होत्या, वर्षवार, पाठीवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. स्कॅन झाल्यापासून मी त्यांना हात लावला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मनात कारखान्यातली भट्टी दिसत होती, नापास माल आत जातानाचा तिचा उजेड. आणि एकाएकी मी उठून स्टुलावर चढलो. निगेटिव्ह सहा-सहा चौकटींच्या पट्ट्यांत कापलेली असते. त्या सहांतली एक बिघडली म्हणून तेवढीच काढून टाकता येत नाही. कापली तर शेजारच्या दोघींची कड जाते. चांगल्यांना जपायचे तर वाईटाला जागा द्यावीच लागते. मुकादम फिल्मपर्यंत पोचू शकत नव्हता. त्याच्याही आधी, माझ्या हातात नुसती तांबडी पेन्सिल होती तेव्हाही, मी फार तर फुली मारू शकत होतो.

उजेडाच्या पेटीवर पहिली पट्टी ठेवून मी भिंग डोळ्याला लावले. तिसऱ्या फाइलीत, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षात, पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलेले सापडले: ‘१५, १६ उत्तम. १७ हलला.’ कारखान्याच्या वार्षिक मेळाव्याची संध्याकाळ, मंडपाच्या कडेला, उजेड कमी. नोंदवहीप्रमाणे शटर उघडे राहण्याची वेळ सेकंदाचा पंधरावा भाग. चौकट पंधरा: ती. सोळा: ती. सतरा. निगेटिव्हमध्ये काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे असते. काळ्या दातांची एक ओळ दिसली. मी श्वास धरला. आधी बाजू निश्चित करायची, कारण फिल्म उलटी धरली तर उजव्याचे डावे होते. कडेचे आकडे सरळ वाचता आले, आणि ती घड्याळ नेहमी उजव्या हातात बांधते, ते घड्याळही जागच्या जागी होते. मग ओठ पाहिले. तिचा डावा कोपरा जवळजवळ रेखीव होता. उजवा नव्हता. उजव्या कोपऱ्यापासून वर, गालाकडे, एक फिकट झालेली वाट गेली होती, ओल्या शाईवरून बोट फिरावे तशी. मला कळायला क्षणभर लागला. इतकी वर्षे मी या खुणेला डाग म्हणत आलो होतो. सेकंदाच्या पंधराव्या भागात तिच्या ओठाचा उजवा कोपरा किती चालला, त्याची ती लांबी होती. मी ती चौकट दहापट मोठी छापून मोजपट्टीने मोजली. उजवीकडे दोन मिलिमीटरला थोडे कमी, डावीकडे पाव मिलिमीटरसुद्धा नाही. रेखीव छायाचित्राने मला हे कधीच सांगितले नसते. ते सांगते माणूस कुठे होता. कुठून कुठे निघाला होता ते सांगत नाही. ‘मोजून सांगा,’ मास्तर म्हणत. मोजायचे ते बिघडलेल्यातच लिहिलेले असते, हे मात्र ते म्हणाले नव्हते, किंवा म्हणाले तेव्हा मी मान खाली घालून टिपून घेत असेन.

उजवी. म्हणजे जी झोपली आहे तीच. आधी उठणारी, दुसरीला उठवणारी.

मी छापील प्रत घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती शेंगा सोलत होती. तिने हात पुसून फोटो घेतला, उजेडात धरला, डोळा चोळला. "ही मी?" "तूच." "हललेय." "हो." "मग फुली का नाही मारलीत?" "मारली होती." तिने पुन्हा पाहिले. मी सगळे सांगितले. नव्वद दिवसांचा नियम, तीन प्रती, बावीस हजार पुसलेली चित्रे, त्यांत तिची किती असतील त्याचा अंदाज. मला वाटत होते ती रागावेल, आणि रागावली तर बरे होईल. ती म्हणाली, "म्हणजे मुकादम मला रोज काढत होता तर. आणि मी बिचारे बिचारे करत होते दुसऱ्यांना." तिचा हात तोंडाकडे निघाला. मी म्हणालो, "नको." हे ‘हलू नकोस’ नव्हते, तरी त्याच आवाजात आले, मला दुसरा आवाज नसावा. हात अर्ध्यावर थांबला, मग खाली गेला आणि एक शेंग उचलून सोलू लागला. "उद्या बघू," ती म्हणाली. मी खोलीत परत गेलो आणि मुकादमाला बंद केले. ते अवघे दोन ओळींचे काम होते.

गुरुवारी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने फोटो हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. "काका, हा तर हललाय. एकसष्ट हजारांतला हाच?" "एकसष्ट हजारांतला नाही. जुन्या निगेटिव्हवर उरला, तो. पण इकडे बघा." मी भिंग दिले आणि पेन्सिलीच्या टोकाने ती वाट दाखवली. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. "उजवी आधी," मी म्हणालो. "डावी तिच्यामागून." "अय्या," ती म्हणाली, आणि मग डॉक्टरी आवाजात, "छान. म्हणजे उजवीची वाट बघायची. काकू, डावीला पुढे पळू द्यायचं नाही." तिने खुर्ची आरशासमोर वळवली. पत्नीने आरशात पाहिले आणि मान फिरवली. दीड महिना ती हेच करते आहे. मुलीने दोन-तीनदा समजावले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आरसा राहू दे. काका, तुम्ही बसा समोर."

मी बसलो. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या अंतरावर. हातात काही नव्हते, ते कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी मांडीवर ठेवले. इतक्या जवळून, मध्ये भिंग नसताना, तिच्याकडे पाहिल्याला किती काळ लोटला होता? डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. उजवा डोळा ओला होता आणि मिटत नव्हता, म्हणून तो माझ्याकडे डाव्यापेक्षा जास्त वेळ पाहत होता. "कशाला हसू?" तिने ओठाला बोट न लावता विचारले, शब्द थोडे सांडले. "असं समोर बसून कुणी हसतं का? काहीतरी सांगा." मला विनोद सांगता येत नाहीत. मी म्हणालो, "दंतवैद्य म्हणत होता, त्याच्याकडे तुझ्या दाढेचा एक्स-रे आहे. चालेल का." ती बघत राहिली. "मग?" "मग काय?" "आकडा किती आला? शंभराच्या वर?" ती म्हणाली, आणि तो बारीक श्वास मला ऐकू आला, टेलिफोनच्या तारेतून यायचा तोच, मग पहिली पायरी. डावा कोपरा वर निघाला. तिचा हात मांडीवरून उठला, थांबला, परत ठेवला गेला. दुसरी पायरी. मी उजव्या कोपऱ्याकडे पाहत होतो. तिथे काही हलले की त्या ओल्या डोळ्यातला उजेड हलला, हे मी सांगू शकणार नाही. माझ्याजवळ माप नव्हते. पत्नीचा चेहरा माझ्यासमोर वाकडा, अर्धा आणि हलता होता, आणि तिने, तिसऱ्या पायरीवरून उतरता उतरता, सवयीने विचारले, "झाला?"

"नाही," मी म्हणालो. "अजून चालू आहे." आणि मान खाली घातली नाही.